संपादकीय : हात पसरू नये, प्रश्न मांडावा



दरवर्षीप्रमाणे यंदाही ही स्मरणिका आपल्या हाती देताना समाधान वाटते. जाहिरातदार, देणगीदार, लेखक आणि रात्री जागून मुद्रिते तपासणारे आमचे कार्यकर्ते या सर्वांचे ऋण आम्ही मान्य करतो. प्रथेप्रमाणे या जागी वर्षभराच्या कार्याचा आढावा यावयास हवा. परंतु तो कार्यवाहांच्या अहवालात आलाच आहे. म्हणून यंदा एका फेटाळलेल्या अर्जाविषयी लिहावे असे आम्ही ठरविले आहे. तो अर्ज आमच्याच संघटनेकडे आला होता, आमच्याच कार्यकारिणीने तो फेटाळला, आणि त्या बैठकीत विरोधात जे हात वर झाले त्यांत प्रस्तुत संपादकाचाही हात होता.

अर्जदार मराठवाड्यातील एक मुलगी. येथील एका विद्यापीठात शिष्यवृत्तीवर पीएच.डी. करणारी. शिष्यवृत्तीत तिचा जेवणखाण आणि खोलीभाड्याचा खर्च भागतो. तिला जो प्रयोग करावयाचा आहे त्यासाठी मात्र वेगळे पैसे लागतात. प्रयोग असा : पुण्यात भाड्याने घर मागणारे दोन दूरध्वनी करावयाचे. नोकरी तीच, पगार तोच, कुटुंब तेवढेच, बोलणे तेच; बदलावयाचे ते फक्त आडनाव. कोणत्या आडनावाला ‘घर पाहायला या’ असे उत्तर मिळते आणि कोणत्या आडनावाला ‘कालच दिले हो’ असे, याची मोजणी करावयाची. तिचा अर्ज अकरा पानांचा होता. त्यांतील नऊ पाने अन्यायाच्या इतिहासाची होती, आणि शेवटी एका ओळीत ‘अंदाजे खर्च दहा हजार युरो’ असे लिहिले होते.

बैठकीत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “ज्या चटक्यांचे वळ अजून अंगावर आहेत, ते खरे आहेत की नाहीत हे तपासायला आपणच पैसे मोजायचे?” दुसऱ्यांनी नियमावर बोट ठेवले : आपण शुल्कासाठी आणि विमानभाड्यासाठी मदत करतो, ‘प्रयोगासाठी’ नाही. पाच मिनिटांत विषय संपला. घरी परतताना आगगाडीत मात्र तो ज्येष्ठांचा प्रश्न आमची पाठ सोडीना. तो प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला प्रामाणिकच उत्तर देणे भाग आहे.

आमचा व्यवसाय वैद्यकीचा. ताप आहे हे रोग्याला थर्मामीटर लावण्यापूर्वीच ठाऊक असते. थर्मामीटर त्याच्या खातरीसाठी नसतो; औषध कोणते, किती, आणि दिल्यानंतर उतार पडला की नाही, हे वैद्याला कळावे यासाठी तो असतो. शिवाय शेजारी ‘अहो, याला काहीच झालेले नाही’ असे म्हणत उभा असेल तर त्याच्यासाठीही असतो. आमच्या शास्त्राने हे सहजासहजी स्वीकारले नाही. १९४८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. १०७ रोगी होते; कोणाला औषध द्यावयाचे हे डॉक्टरांनी न ठरविता यादृच्छिक आकड्यांनी ठरविले होते. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले होते आणि केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ जणांपैकी १४. दोन्ही गट अन्य सर्व बाबतींत सारखे असल्यामुळे फरकाचे श्रेय औषधालाच देणे भाग पडले. ‘माझा अनुभव असा आहे’ या वाक्याची सत्ता त्या दिवसापासून ओसरू लागली.

सामाजिक शास्त्रातील प्रयोग हीच रीत समाजाला लावतो. तेथे औषधाच्या जागी नाव असते. आपल्या समाजाला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासह २००५ पासून ६६ आठवडे वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती गोळा केल्या. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. अर्जदारांची पात्रता जुळती; आडनावे मात्र उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम अशी निरनिराळी. मुलाखतीस बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश एवढीच निघाली. २००७ साली हा निबंध प्रसिद्ध झाला, आणि ‘खासगी क्षेत्रात केवळ गुणवत्ता पाहतात’ या वाक्यापुढे प्रथमच एक आकडा उभा राहिला. व्यासपीठावरून आपण तेच शंभर वेळा सांगितले होते. पण त्याला ‘तुमची भावना’ म्हणून बाजूला सारता येत होते. आकड्याला तसे बाजूला सारता येत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक हृदयस्पर्शी आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. सोडविलेल्या कोड्यांसाठी थोडे रोख पैसे ठेवले होते. मुलांची जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत दखल घ्यावी असा फरक नव्हता. नाव पुकारताना सर्वांसमोर जातही पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. कोडी तीच, मुले त्याच गावची. वर्गात ज्याची जात पुकारली गेली आहे अशा आपल्यापैकी प्रत्येकाला हे वाचून काय वाटले असेल ते सांगावयास नको.

आपण ज्या देशात राहतो तेथेही हा मार्ग मळलेला आहे. फ्रँक बोव्हनकेर्क यांनी १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये अशा जोडीच्या चाचण्या केल्या, आणि १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी मोरोक्कन व सुरीनामी अर्जदारांबाबत त्याच रीतीने पुरावा गोळा केला. घरभाड्यातील भेदभाव तपासण्यासाठी येथील नगरपालिकाही आता निरनिराळ्या नावांनी चौकशी करवून घेतात. आणि १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या चांगल्या घरमालकीच्या कायद्याने घर देणाऱ्यांवर भेदभाव टाळण्याची कार्यपद्धती बंधनकारक केली आहे. त्या मुलीला हीच रीत पुण्यात न्यावयाची होती. दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी डॉ. थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झालेला आहे. आपल्या महाराष्ट्रात मात्र आपण अजून अनुभवच सांगत आहोत.

आता पैशाचा विचार करू. परमपूज्य बाबासाहेबांच्या शिक्षणाची कथा आपण अभिमानाने सांगतो. परंतु ती शिष्यवृत्तीची, कराराची आणि कर्जाचीही कथा आहे हे विसरतो. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला : ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून साठविलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या साहाय्यावर आणि नवल भथेना या मित्राने दिलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जावर. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला तो बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर असतानाच.

हे येथे सांगण्याचे कारण आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आली आहे. तिच्या २०२२-२३ च्या नियमावलीत एक अट घालण्यात आली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीच्या कक्षेत येणार नाहीत. म्हणजे १९१६ चा तो निबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला या अटीखाली अर्जच करता आला नसता. २०२५ साली तर निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी आरंभी केवळ ४० जणांना तात्पुरती पत्रे मिळाली, आणि उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास असे सांगण्यात आले. ज्याला जातीचा अभ्यास करावयाचा आहे त्याला सरकारी दार अरुंद झाले असेल, तर दुसरे दार कोणी उघडावयाचे? आपणच.

नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. त्याच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रयोगाचा खर्चही पुष्कळदा धरलेला असतो. बाहेरची शिष्यवृत्ती घेऊन येणाऱ्याचे तसे नाही. त्याच्या पोटाची सोय असते, प्रयोगाची नसते. आणि आपली बहुतेक मुले याच दुसऱ्या रांगेत असतात. त्यांनी निराश होण्याचे मात्र कारण नाही. टिलबर्ग येथे २००७ पासून चालविली जाणारी एक पाहणी आहे, तिला ‘लिस पॅनेल’ म्हणतात. सुमारे पाच हजार कुटुंबे तिच्यात आहेत. त्यांची निवड लोकसंख्या नोंदवहीतून यादृच्छिक पद्धतीने झाली, आणि ज्यांच्या घरी संगणक किंवा इंटरनेट नव्हते त्यांना ते पुरविण्यात आले, जेणेकरून गरिबाचे उत्तर गहाळ होऊ नये. ‘ओडिसे’ या संशोधन-संघामार्फत तरुण संशोधकांना या पाहणीत स्वतःचे प्रश्न व प्रयोग विनामूल्य घालण्याची संधी स्पर्धेने दिली गेली आहे. अमेरिकेतही २००१ साली ‘टेस’ नावाची अशीच योजना सुरू झाली. अशा ठिकाणी पैसे हाती मिळत नाहीत, उत्तरे मिळतात. आणि विद्यार्थ्याला हवी असतात ती उत्तरेच. येथे आलेल्या मुलाने आपल्या मार्गदर्शकाला पहिल्या महिन्यातच विचारावे : आपल्या विभागाकडे प्रयोगासाठी छोटा निधी आहे काय, आणि आपले विद्यापीठ अशा संघाचे सभासद आहे काय? संकोचाने न विचारलेल्या प्रश्नापायी आपली वर्षे वाया गेलेली आम्ही पाहिली आहेत.

अर्ज लिहिण्याविषयी दोन शब्द. तरुणपणी आम्हीही एका निधीकडे अर्ज केला होता. गावातील कुष्ठरोग्यांविषयी आम्ही त्यात अतिशय कळवळून लिहिले होते. नकाराच्या पत्रात एकच वाक्य होते : या अर्जात दुःख आहे, प्रश्न नाही. तेव्हा राग आला. आज वाटते, तेवढे एक वाक्य तरी कोणी लिहिले हे आमचे भाग्य.

पहिल्या पानावर प्रश्न असावा, आणि ज्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकेल असा तो असावा. ‘जातिभेद आहे हे दाखविणे’ हा प्रश्न नव्हे. ‘समान उत्पन्नाच्या भाडेकरूला आडनावावरून घर पाहण्याचे निमंत्रण कमी मिळते काय, आणि किती कमी?’ हा प्रश्न होय. नंतर, हे पूर्वी कोणी तपासले आणि त्यात काय उरले, हे एका पानात यावे. इतिहासाला तेवढी जागा पुरते.

त्यानंतर संख्या. अर्ज वाचणारा तज्ज्ञ प्रथम हेच पान उघडतो. समजा, एका आडनावाला शंभरात ३० वेळा होकार मिळतो आणि दुसऱ्याला २० वेळा, असा आपला अंदाज आहे. हा फरक योगायोगाचा नाही असे रूढ कसोट्यांनी म्हणता येण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे २९० दूरध्वनी लागतात. फरक ३० आणि २५ एवढाच असेल तर सुमारे १,२५० लागतात. फरक निम्मा झाला की नमुना चौपट होतो, आणि खर्चही. म्हणून ‘अंदाजे दहा हजार युरो’ ही ओळ वाचून तज्ज्ञ अर्ज मिटतो. दूरध्वनी किती, प्रत्येकाला वेळ किती, बोलणाऱ्या दोघांचे मानधन किती, नोंदी तपासणाऱ्याचे किती, असा हिशेब दिसला की तो पुढे वाचतो. दूरध्वनींची संख्या कशी ठरविली ते लिहावे. त्यासाठी आधी छोटी प्राथमिक चाचणी करावी लागते. कारण अंदाज कोठून तरी यावयास हवा. अडचण नेमकी येथेच आहे. मोठा निधी प्राथमिक चाचणीचे आकडे मागतो, आणि प्राथमिक चाचणीला पैसे देणारा कोणी नसतो.

शेवटी नीती. १९६४ च्या हेलसिंकी घोषणापत्रापासून आम्ही डॉक्टर या बाबतीत बांधलेले आहोत. २०२४ च्या सुधारणेत तर चाचणीतील माणसाला ‘सहभागी’ म्हणण्याचे ठरले. आडनावाच्या प्रयोगात घरमालकाला आधी सांगता येत नाही, म्हणजे थोडी फसवणूक आहेच. ती लपवू नये. त्याचा वेळ कमीत कमी घेऊ, होकार आल्यास लगेच नम्रपणे नकार कळवू, कोणाचेही नाव व क्रमांक प्रसिद्ध करणार नाही, हे विद्यापीठाच्या नीती समितीला लिहून द्यावे आणि तिची परवानगी अर्जाला जोडावी. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाही दुसऱ्याशी न्यायाने वागण्यातून सूट मिळत नाही.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे पैसे देणाऱ्यांविषयी. देणगीदाराला हवे ते निष्कर्ष मिळावेत हा मोह सर्वांत घातक. टिलबर्गच्याच विद्यापीठात डिडेरिक स्टापेल हे सामाजिक मानसशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. सुबक, सर्वांना पटणारे निष्कर्ष ते वर्षानुवर्षे देत राहिले. २०११ साली तीन तरुण संशोधकांनी धीर करून तक्रार केली आणि आकडे बनावट असल्याचे उघड झाले. २०१२ च्या चौकशी अहवालात ५५ निबंधांत फसवणूक सिद्ध झाल्याचे आणि त्यांच्या हाताखालील दहा प्रबंधांत बनावट आकडे शिरल्याचे म्हटले आहे. त्या विद्यार्थ्यांचा दोष नव्हता. प्रयोग गुरुजींनी केला आणि आकडे शिष्याच्या हाती आले. यातून आम्ही एक धडा घेतो : विद्यार्थ्याच्या हाती स्वतःचा प्रयोग करण्याइतके स्वतःचे चार पैसे असणे हे त्याच्या सचोटीचेही रक्षण आहे.

दुसरा धडा आपल्याला कडू लागेल. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील एका प्रयोगात सॉफ्टवेअर क्षेत्रातील नोकऱ्यांत अर्जदाराच्या जातीवरून भेद केल्याचा पुरावा मिळाला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र उच्चवर्णीय आणि इतर मागासवर्गीय नावांत फरक आढळला. आपल्या पैशावर झालेल्या प्रयोगातून असे उत्तर आले, तर ते आपण याच स्मरणिकेत छापू काय? छापलेच पाहिजे. आजार कोठे आहे हे जितके कळावे, तितकेच तो कोठे नाही हेही कळावे लागते. एरवी औषध भलत्याच अवयवाला लागते. म्हणून प्रयोगापूर्वीच त्याची योजना सार्वजनिक नोंदवहीत नोंदवावी; अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेची अशी नोंदवही २०१३ पासून आहे. एकदा नोंद झाली की निष्कर्ष रुचो वा न रुचो, तो दडपण्याची सोय ना विद्यार्थ्याला उरते, ना देणगीदाराला.

ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. दादा, आपले वळ खरेच आहेत; त्यांना पुराव्याची गरज नाही. पुराव्याची गरज आहे ती पुण्यात उद्या घर शोधणाऱ्या मुलाला, कारण त्याच्यासाठी नियम करणारे लोक आपली पाठ पाहणार नाहीत, कागद पाहतील. तो कागद दुसऱ्या कोणी लिहून दिला तर त्यातले प्रश्नही दुसऱ्याचे असतील.

त्या मुलीला आम्ही नंतर घरी बोलाविले. फेटाळणाऱ्यांत आम्हीही होतो हे आधी सांगितले, ती म्हणाली, “सर, मला कळलं होतं.” मग स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन रविवार बसून तिने अर्ज नव्याने लिहिला. आता तो चार पानांचा आहे. पहिल्या ओळीत प्रश्न आहे. मागणी आहे ती साठ दूरध्वनींच्या प्राथमिक चाचणीची, आणि तिचा खर्च बाबवार मांडून १,८५० युरो होतो. या स्मरणिकेच्या छपाईला आणि जयंतीच्या सभागृहाच्या भाड्याला मिळून आपण याहून अधिक खर्च करतो.

तो अर्ज आणि त्यासोबत एक ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवीत आहोत : संघटनेने दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याच्या प्राथमिक चाचणीचा खर्च उचलावा, अर्जाची छाननी विषयातील बाहेरच्या दोन जाणकारांकडून व्हावी, आणि निष्कर्षावर संघटनेचा कोणताही हक्क नसावा. नियमात ‘शुल्क व विमानभाडे’ यांच्यापुढे ‘व संशोधनखर्च’ एवढे दोन शब्द वाढवावे लागतील. गेल्या वेळी ज्या हाताने विरोध केला तो हात या वेळी ठरावाच्या बाजूने वर होईल. आपलेही हात तसेच वर व्हावेत ही नम्र विनंती.

जयभीम!

— संपादक